मूळ आणि कलम

शास्त्रभाग : मलाखी 4:4-6; मत्तय 11:2-6; रोमकरांस पत्र 11:13-24



मोरा बंदराच्या धक्क्यावर ज्यांनी कधी लाँचेची वाट पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे की, तेथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे राज्य अधिक चालते. मोठी ओहोटी लागली म्हणजे धक्क्यापुढचा गाळ उघडा पडतो, भाऊच्या धक्क्याची लाँच तिकडेच थांबते, आणि इकडची माणसे टोपल्या व पिशव्या पायाशी ठेवून समुद्राकडे तोंड करून बसतात. 2024 साली उरणपर्यंत आगगाडी सुरू झाली व खाडीवरून मोठा सेतूही झाला. तरी काही दिवसांपूर्वी मी त्याच धक्क्यावर पाण्याची वाट पाहत बसलो होतो. माझ्याबरोबर आपल्या खेडेगावच्या मंडळीत सेवा करणारे एक सुवार्तिक बंधू होते. बराच वेळ ते गप्प होते. मग ते म्हणाले,

"पाळकसाहेब, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्या गावचा एक तरुण बाप्तिस्म्यासाठी शिकत होता. त्याने मला विचारले, 'मास्तर, मशीहाविषयीची वचने मुळात यहूद्यांच्याच शास्त्रात आहेत ना? मग ज्यांचे शास्त्र त्यांनाच येशू मशीहा वाटला नाही, आणि आपल्याला मात्र वाटतो, हे कसे?' मी त्याला सांगितले की, ते लोक दगडाच्या काळजाचे, आंधळे, म्हणून त्यांनी ओळखले नाही. त्याने मान हलविली. पण पुढच्या रविवारी तो उपासनेला आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही आला नाही. माझे उत्तर चुकले काय?"

प्रियांनो, मी त्यांस तेथे थोडक्यात काही सांगितले. परंतु तो प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो आणि लाजेने ओठांवर येत नाही. ह्यास्तव आज त्याचाच आपण शांतपणे व प्रार्थनापूर्वक विचार करू.

पहिली गोष्ट ही की, ज्यांच्याविषयी आपण इतक्या सहज बोलतो ते लोक कोणी दूरदेशीचे नव्हेत. ते आपल्याच किनाऱ्यावरचे, आपलीच भाषा बोलणारे शेजारी होत. बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संताने, ही मंडळी कोकणात शेकडो वर्षे राहिली. त्यांची परंपरा असे सांगते की, अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचे सर्व ग्रंथ समुद्रात गेले. त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे चालविले; आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपीत नसत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणू लागले. ज्या गावी ते वसले त्या गावाच्या नावावरून त्यांची आडनावे पडली : दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, नवगावकर. त्यांच्या बायका लुगडे नेसत, घरात मराठी बोलत, अंगणात भात कांडीत. तरी ग्रंथ हरवूनही त्यांनी शब्बाथ सोडला नाही, मुलांची सुंता सोडली नाही, आणि एकच देव आहे ही साक्ष देणारे 'शमा इस्राएल' हे वचन त्यांच्या ओठांवरून गेले नाही. ते असेही सांगतात की, दावीद राहाबी नावाच्या एका यहूदी गुरूने त्यांची पारख मासळीवरून केली. सर्व जातीची मासळी पुढे ठेविली असता त्यांच्या स्त्रियांनी पर व खवले असलेलीच तेवढी निवडून घेतली, आणि त्याने ओळखले की हे मोशेच्या नियमशास्त्राचे लोक आहेत.

मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान 1796 साली शमुवेल यहेज्केल दिवेकर ह्यांनी बांधिले. अलिबागेचे 1848 साली व पनवेलचे 1849 साली झाले. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आणि आज कोकणात थोडीच घरे उरली आहेत. परंतु ज्या लोकांनी ग्रंथावाचून इतकी शतके देवाचे नाव जपले त्यांस आंधळे व दगडी काळजाचे म्हणण्यापूर्वी, बंधूंनो, आपण आपल्या ओठांवर हात ठेविला पाहिजे. आपल्या हाती ग्रंथ असून आपण किती जपले, हे आपल्यास ठाऊक आहे!

दुसरी गोष्ट. मशीहा ह्या शब्दाचा अर्थ काय? हा इब्री शब्द आहे, आणि ग्रीक भाषेत त्याचेच रूप ख्रिस्त असे झाले. त्याचा साधा अर्थ 'ज्यास तेल लाविले आहे तो', म्हणजे अभिषिक्त. इस्राएलात राजाला राज्यावर बसविताना व याजकाला सेवेस नेमताना मस्तकावर जैतुनाचे तेल ओतीत असत. शमुवेलाने मेंढरांमागून बोलाविलेल्या दावीदावर ओतले ते हेच तेल. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात तर कोरेश नावाच्या परराष्ट्रीय राजालाही देवाने आपला अभिषिक्त म्हटले आहे, कारण बाबेलच्या बंदिवासातून देवाच्या लोकांस सोडविण्याचे काम त्याच्या हाती दिले होते. ह्यावरून हे ध्यानात येते की, अभिषेक हा मानासाठी नव्हे, तर कामासाठी असतो. ज्याला तेल लाविले त्याने लोकांचे ओझे उचलावयाचे.

आता हे अभिषिक्ताविषयीचे अभिवचन कसे वाढत गेले ते पाहा. अब्राहामास देवाने सांगितले की, त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. दावीदास सांगितले की, त्याचे सिंहासन स्थिर राहील. पुढे राजे भ्रष्ट झाले, गरिबांची शेते बळकावली गेली, आणि ख्रिस्तापूर्वी 586 साली यरुशलेम जळाले व मंदिर पडले. तेव्हा सिंहासन कोठे होते? सर्व राख झाली होती. आणि अशाच अंधाऱ्या काळांत संदेष्ट्यांनी लोकांस सांगितले की, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून धुमारा फुटेल, लहानशा बेथलेहेमातून धनी निघेल, नम्र राजा गाढवावर बसून येईल. ही आशा भरल्या पोटी बसलेल्या लोकांनी रचिली नाही. ती बंदिवानांची, अनाथांची व देशोधडीस लागलेल्यांची आशा होय. म्हणूनच आपल्या खेड्यातील दीनदुबळ्यांस ती इतक्या लवकर आपलीशी वाटली.

परंतु येथे मला आपल्या सुवार्तिक बंधूंस एक इशारा प्रेमाने द्यावयाचा आहे. संदेष्ट्यांचे वचन हे पंचांगातले भविष्य नव्हे. जोशी कुंडली मांडून अमुक दिवशी अमुक होईल असे सांगतो, तसे यशयाने व मीखाने केले नाही. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप पोहोचविणारा. तो प्रथम आपल्याच काळच्या लोकांशी बोलतो. उदाहरणार्थ, यशयाचा सातवा अध्याय घ्या. यहूदाचा राजा आहाज दोन शत्रूंच्या भीतीने थरथरत होता, तेव्हा संदेष्ट्याने त्यास एका जन्मणाऱ्या बालकाचे चिन्ह दिले. ते त्याच्या काळासाठीही चिन्ह होते. तेथील इब्री शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा आहे. ख्रिस्तापूर्वी जे ग्रीक भाषांतर झाले त्यात कुमारी असा शब्द पडला, आणि मत्तयाने तोच घेतला. मत्तय आपणांस सांगतो की, 'देव आपल्याबरोबर' हे त्या बालकाचे नाव येशूमध्ये काठोकाठ भरून आले. जसे ओढ्याचे पात्र आधीपासून असते व पहिल्या पावसातही त्यात पाणी वाहते, पण आषाढात ते दोन्ही थड्यांनी भरून चालते, तसे हे आहे. पूर्ण होणे म्हणजे भरून येणे. हे जो समजून घेईल त्यास कोणी विद्वान मनुष्य भर बाजारात खोटे पाडू शकणार नाही; आणि जो समजून न घेता वचने दगडासारखी फेकील तो आपल्याच मंडळीचा विश्वास फोडील.

तसाच यशयाचा त्रेपन्नावा अध्याय. आपण त्यात वधस्तंभावरील प्रभूला पाहतो, आणि तसे पाहणे योग्यच आहे. परंतु पुष्कळ यहूदी गुरू त्या दुःख सोसणाऱ्या सेवकामध्ये स्वतः इस्राएल लोकांना पाहतात. आणि त्या लोकांनी सोसलेले दुःख पाहिले असता तो अर्थ निव्वळ हट्टाचा आहे असे कोण म्हणेल? प्रेषितांच्या कृत्यांत तो हबशी अधिकारी रथात बसून हाच भाग वाचीत असता, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, असे त्याने विचारले. फिलिप्पाने त्यास मूर्ख म्हटले नाही, आंधळा म्हटले नाही. तो रथात त्याच्या शेजारी बसला, आणि त्याच वचनापासून आरंभ करून त्याने त्यास येशूची सुवार्ता सांगितली. सुवार्तिकाची जागा ही आहे : प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी.

तिसरी गोष्ट. यहूदी 'अजून नाही' असे का म्हणतात? ह्याविषयी मी आज तुमच्यापुढे एक कबुली देणार आहे. देवाने मला ती देण्याची नम्रता द्यावी.

धर्मविद्यालयातून बाहेर पडून मी नुकताच सेवेत लागलो होतो. परीक्षेत मला मशीहाविषयीच्या वचनांवर चांगले गुण मिळाले होते आणि मला त्याचा गर्व होता. त्या काळी पनवेलात एक बेने इस्राएल वृद्ध गृहस्थ राहत असत. ते निवृत्त शिक्षक. सर्व लोक त्यांस गुरुजी म्हणत, मीही म्हणे. एकदा त्यांच्या घरी मलिद्याचा विधी होता व शेजारी म्हणून त्यांनी मला बोलाविले. बेने इस्राएल लोक नवसाच्या फेडीस, लग्नाच्या वेळी व शुभकार्यात हा विधी करितात. ताटात भिजविलेले पोहे, गूळ, खोवलेले खोबरे, वेलदोडे व फळे ठेवितात, आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे आपल्या बायबलातील एलीया संदेष्ट्याचे, स्मरण करून गीत गातात. अलिबाग तालुक्यात खंडाळे गावाजवळच्या खडकावर त्याच्या रथाची व घोड्याच्या टापांची खूण आहे असेही ते मानतात, आणि तेथे जाऊन मलिदा करितात. एलीया का? कारण मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी असे अभिवचन आहे की, परमेश्वराचा मोठा दिवस येण्यापूर्वी एलीया येईल, आणि तो बापांची अंतःकरणे मुलांकडे व मुलांची अंतःकरणे बापांकडे फिरवील.

विधी आटोपल्यावर, हातात प्रसादाचे पोहे असतानाच, मी गुरुजींशी वाद मांडिला. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही ज्याची वाट पाहता तो एलीया येऊन गेला. तो बाप्तिस्मा करणारा योहान. आणि त्याच्यामागून मशीहाही आला." मी अध्याय व ओव्या धडाधड सांगितल्या. गुरुजींनी सर्व ऐकून घेतले. मग ते हळूच म्हणाले,

"पाद्रीसाहेब, तुमचा अभ्यास चांगला आहे. पण एक विचारतो, रागावू नका. तुमचा धाकटा भाऊ ह्याच गावात राहतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून तुम्हा दोघांची चार वर्षे कोर्टात तारीख चालली आहे, आणि रस्त्यात समोर आलात तर तुम्ही दोघे बाजू बदलता, हे साऱ्या आळीला माहीत आहे. एलीया येऊन अंतःकरणे फिरवील असे लिहिले आहे ना? मग तुमच्या घरी त्याचे यायचे अजून राहिले आहे, असे दिसते."

बंधुभगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला प्रथम राग आला. मी घरी आलो, आणि रात्रभर मलाखीचे ते शेवटचे पान माझ्यापुढे उघडे राहिले. मला वचनाचा क्रमांक पाठ होता, पण वचनाने मला धरले नव्हते. मी वेशीवेशीवर ओरडून सांगत होतो की शांतीचा अधिपती आला आहे, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या दारातले पाणी मी चार वर्षे प्यालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या दारी गेलो. त्याने दार उघडले, बराच वेळ काही बोलला नाही, मग आत वळून मुलीला म्हणाला, "काकांना पाणी आण." घराचा वाद पूर्ण मिटण्यास पुढे आणखी दोन वर्षे लागली, आणि वाटणीत मला कमी आले. परंतु बोलणे त्या संध्याकाळी सुरू झाले ते थांबले नाही. मी गुरुजींस हे सांगण्यास गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "छान झाले. आज तुमच्याकडे थोडा आला म्हणायचा." ते शेवटपर्यंत यहूदीच राहिले. तरी मी साक्ष देतो की, त्यांच्या मुखाने प्रभू येशूच माझ्याशी बोलला.

म्हणून यहूद्यांचे 'अजून नाही' हे शब्द मी आता आदराने ऐकतो. ते संदेष्ट्यांची पुस्तके उघडून दाखवितात की, मशीहाच्या काळी तलवारींचे फाळ होतील, लांडगा कोकराजवळ राहील, राष्ट्रे युद्ध शिकणार नाहीत. मग ते विचारतात, हे कोठे झाले आहे? प्रश्न खरा आहे. आपण त्याचे उत्तर असे देतो की, मशीहा आला आहे, आणि तो पुन्हा येणार आहे. बी पेरले आहे, कापणी व्हावयाची आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाचा ग्रंथ हाती घेतला तेव्हा दीनांस सुवार्ता व बंदिवानांस सुटका ह्याविषयीचा भाग त्याने वाचला, आणि सूड घेण्याच्या दिवसाचे शब्द येण्यापूर्वी ग्रंथ गुंडाळून ठेविला. न्यायाचा दिवस त्याने पित्याच्या हाती ठेविला, आणि अनुग्रहाचे वर्ष आपणांस दिले. तेव्हा वाट पाहणे यहूद्यांचेही आहे व आपलेही आहे. एकाच धक्क्यावर, एकाच समुद्राकडे तोंड करून आपण उभे आहो. भेद हा की, ज्याची वाट पाहावयाची त्याचे मुख आपण पाहिले आहे, आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, असा आपला विश्वास आहे. हा भेद लहान नाही, आणि मी तो झाकणार नाही. परंतु ज्याने व्रण सोसले त्याच्या लोकांनी दुसऱ्यांस व्रण करावे काय?

आणि हे झाले आहे, प्रियांनो! ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्या देशांत शतकानुशतके यहूद्यांचा द्वेष व्यासपीठांवरून शिकविला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1945 पर्यंत, हिटलरच्या जर्मनीने व तिच्या ताब्यातील देशांत सुमारे 60 लक्ष यहूदी मारिले गेले. मारणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बालपणी बाप्तिस्मा झालेला होता. आपल्या कोकणात मात्र बेने इस्राएल लोकांस शेजाऱ्यांनी असा छळ कधी केला नाही. जे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांस साधले नाही ते आपल्या खेड्यांस साधले होते. तो आपला वारसा आहे. आपल्या व्यासपीठावरून तो आपण मोडू नये.

ह्या प्रांतातील आरंभीच्या मिशनऱ्यांचेही उदाहरण घ्या. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, आणि पुढे बेने इस्राएल मुलांसाठी शाळा उघडल्या. स्कॉटिश मिशनचे डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी 1832 साली त्यांच्यासाठी मराठीत इब्री व्याकरण तयार केले. ह्या श्रमांनी त्या लोकांस आपला हरवलेला ग्रंथ वाचता येऊ लागला. पुढे त्यांच्यातील योसेफ यहेज्केल राजपूरकर ह्यांनी इब्री प्रार्थना मराठीत आणल्या, आणि 1880 पासून अब्राहामादिकांच्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. परंतु ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. कोणी म्हणेल, श्रम फुकट गेले. मी म्हणतो, नाही. आपण ज्यांच्याकडून देवाचे वचन घेतले त्यांस ते वाचण्यास मदत केली, हे ऋण फेडणे झाले. आणि सेवेचे मोल मोजणे हे सेवकाचे काम नव्हे.

आता प्रेषित पौलाचे शब्द ध्यानात घ्या. तो स्वतः यहूदी, बन्यामिनाच्या वंशातला. रोम येथील परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांस तो जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत देतो. मूळ इस्राएलाचे. काही फांद्या तोडल्या गेल्या, आणि रानजैतुनाची फांदी, म्हणजे तुम्ही-आम्ही, तेथे कलम करून लाविली गेली. कोकणातल्या माणसास कलम म्हणजे काय हे सांगावयास नको. आपण रायवळ आंब्याची कोय रुजवितो आणि त्या रोपावर हापुसाची काडी बांधतो. मूळ रानटी, फांदी उत्तम. आणि फळ येते ते फांदीच्या जातीचे. पण पौल काय म्हणतो? तो म्हणतो की, देवाने उलटे केले. मूळ उत्तम आणि फांदी रानटी! कोणता बागवान हापुसाच्या झाडावर रायवळाची काडी बांधील? पौल स्वतःच कबूल करितो की हे सृष्टिक्रमाच्या विरुद्ध आहे. हाच अनुग्रह होय. आपल्यात गोड फळ येण्याजोगे काही नव्हते; येत असेल तर मुळाच्या रसाने येते. म्हणून तो बजावितो की, फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये, कारण फांदीच्या आधाराने मूळ उभे नाही. आणि जो देव रानटी फांदीला धरवू शकतो तो मूळच्या फांद्यांस पुन्हा का धरविणार नाही? देवाची दाने व त्याचे पाचारण ही मागे घेतली जात नाहीत, असे तो त्याच अध्यायात पुढे लिहितो.

अब्राहाम कोणाचा? दावीदाची स्तोत्रे कोणाची? मरिया कोणाची, बारा प्रेषित कोणाचे? स्वतः प्रभू येशू आठव्या दिवशी सुंता झालेला, शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाणारा यहूदी होता. जो यहूद्यांचा तिरस्कार शिकवितो तो ज्या फांदीवर बसला आहे तिच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालितो.

तर मग त्या तरुणास काय सांगावे? योहान तुरुंगात असता त्याच्याही मनात शंका आली. ज्याने यार्देनेत बाप्तिस्मा दिला त्यानेच शिष्य पाठवून विचारिले की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? प्रभूने त्यास दोष दिला नाही. त्याने वचनांची यादीही पाठविली नाही. त्याने सांगितले, जे पाहता व ऐकता ते जाऊन सांगा : आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठी शुद्ध होतात, गरिबांस सुवार्ता सांगितली जाते. जे यशयाने लिहिले होते ते लोकांच्या अंगणात घडत होते. तेच उत्तर आजही आहे. मशीहा आला ह्याचा पुरावा पुस्तकात आहे, पण तो वाचला जातो आपल्या अंगणात.

म्हणून, सुवार्तिक बंधूंनो व भगिनींनो, तीन गोष्टी मनात धरा. संदेष्ट्यांचे वचन सांगताना सबंध अध्याय वाचा, आणि ते प्रथम कोणास व कोणत्या संकटात सांगितले गेले हे लोकांस समजवा. यहूद्यांविषयी, किंवा दुसऱ्या कोणाविषयीही, तिरस्काराचा एक शब्द व्यासपीठावरून जाऊ देऊ नका. श्रोत्यातला जो विचारी आहे तो त्या शब्दानेच दूर जातो. आणि प्रवचनास उभे राहण्यापूर्वी आपल्या घराकडे पाहा. बांधावरून, विहिरीवरून, वाटणीवरून ज्या भावाशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी आधी जा. एलीयाला तेथूनच येऊ द्या.

मोरा बंदरावर त्या दिवशी संध्याकाळी पाणी चढले, आणि लाँच धक्क्याला लागली. चढण्यापूर्वी ते सुवार्तिक बंधू मला म्हणाले, "पाळकसाहेब, मी उद्याच त्या मुलाच्या घरी जातो. माझे उत्तर चुकले होते, हे त्याला आधी सांगतो. मग त्याच्याजवळ बसून यशया वाचतो." मी म्हणालो, "भाऊ, एवढे केलेत तर पुढचे प्रभू करील."

प्रार्थना करू या.

हे अब्राहामाच्या, इसहाकाच्या व याकोबाच्या देवा, आम्ही रानातल्या फांद्या. तू आम्हांस आपल्या झाडावर जागा दिलीस म्हणून तुझे उपकार मानितो. आमचा गर्व काढून टाक. ज्यांच्याकडून तुझे वचन आम्हांस मिळाले त्या इस्राएल लोकांस, ते ज्या ज्या देशी असतील तेथे, तुझ्या पंखांखाली सुरक्षित ठेव. बाप व लेक, भाऊ व भाऊ ह्यांची अंतःकरणे एकमेकांकडे फिरीव. प्रश्न घेऊन दूर गेलेल्या त्या तरुणाबरोबर तू चाल, जसा तू अम्माऊसच्या वाटेवर दोघांबरोबर चाललास. आणि तुझ्या अभिषिक्ताच्या पुन्हा येण्यापर्यंत आम्हांस त्याची वाट पाहण्यास व त्याची वाट तयार करण्यास शीक्षण दे. त्याच्याच नावाने मागतो. आमेन.